जीभ जड कुणाची?

शाळेच्या दारात आपल्या पोराला पहिल्यांदा मोजतात ते त्याच्या तोंडावरून. पाटीवर अ काढायच्या आधी पोरगं तोंड उघडतं आणि बाईंच्या कानाला बरोबर कळतं, हे कुठल्या गल्लीतलं. पूर्वी आडनाव विचारायचे. आता आडनावं बदलून घेतलेले लोक वाढले, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, पोरांच्या गळ्यात टाय आला. जात तरी लपत नाही. ती जिभेवर बसलेली आहे आणि पांढरपेशांचे कान ती टिपायला जन्मापासून तयार केलेले आहेत.

आणि हेच तिखट कान, पोराला खरोखर बोलता येत नसेल तेव्हा ठार बहिरे होतात. ही भानगड मला मांडायची आहे.

आपल्या अंकांतून शिष्यवृत्तीवर लिहिलं जातं, वसतिगृहावर, राखीव जागांवर, विद्यापीठातल्या छळावर लिहिलं जातं. लिहायलाच पाहिजे. पण वसतिगृहापर्यंत पोचायला पोरगं आधी पहिलीत टिकावं लागतं. तीन ते सहा वर्षांच्या पोराबद्दल चळवळीला तोंड नाही. ते म्हणे बायकांचं काम. मोर्चातून घरी आलेला कार्यकर्ता पोराला मांडीवर घेतो, पोरगं काहीतरी बडबडतं, त्याला ओ की ठो कळत नाही, तो हसतो आणि मोबाईल हातात देतो. झालं बापाचं कर्तव्य.

सगळा प्रश्न दोन शब्दांत समजतो. एक 'पानी'. दुसरा 'तावळा'.

हे दोन्ही शब्द माझ्या घरातले. थोरला 'पानी' म्हणतो. धाकटी 'तावळा' म्हणायची, म्हणजे कावळा. दोघं एकाच शाळेत, थोरला वर पहिलीत, धाकटी खाली शिशुवर्गात. शाळेचं नाव घेत नाही. एका शाळेचीच ही रीत असती तर नाव घेऊन लिहिलं असतं.

थोरल्याच्या वहीवर लाल शाईत शेरा आला, उच्चार अशुद्ध आहेत, घरी शुद्ध बोलावे. त्याला वर्गात उभं करून दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावलं. दहाही वेळा पोरगं 'पानी' म्हणालं आणि चाळीस पोरं हसली. तिसऱ्या दिवसापासून वर्गात पाणी मागायचं त्याने बंद केलं. आपल्या जातीला पाणी मागायची बंदी ह्या देशात नवी नाही म्हणा. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे झालं ते तहानेपुरतं नव्हतं. इथं मडकं समोर आहे, नळ समोर आहे, हात लावायला कुणी अडवत नाही. फक्त शब्द बाटलेला आहे.

आता ह्या शब्दाची कुंडली बघा. संस्कृतात तो 'पानीय' आहे, न चा. तिथं देवांना चालतो. हिंदीत 'पानी' आहे, तिथं दिल्लीला चालतो. विदर्भात, खानदेशात ण चा न करणारी गावंच्या गावं आहेत. वऱ्हाडात शाळेची 'शाया' होते आणि डोळ्याचा 'डोया' होतो, तिथला पाटीलही तसंच बोलतो आणि त्याचं कुणी काही वाकडं करत नाही. माझ्या पोराच्या तोंडातून न आला की मात्र तो रोग. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली म्हणून पेढे वाटले गेले. आमच्या आळीतल्या म्हातारीची मराठी त्या पेढ्यात होती का, हे वाटणाऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पानी म्हणणाऱ्या पोराच्या जिभेला काहीही झालेलं नाही. त्याची आजी पानी म्हणते, बाप म्हणतो, मी म्हणते. त्याने कानांनी ऐकलं आणि जसंच्या तसं तोंडातून काढलं. कान शाबूत, जीभ शाबूत, मेंदू शाबूत असल्याचा ह्याहून चांगला पुरावा कुठला? उद्या हे पोरगं दोन्ही बोलेल, घरात पानी आणि परीक्षेत पाणी. आपण सगळे तेच करत आलो. छापील भाषा शिकवायला आमची ना नाही. शिकवा, भरपूर शिकवा. पण पोराची पहिली भाषा घाण आहे असं सांगून दुसरी शिकवू नका.

तावळ्याची गोष्ट वेगळी आहे. ती नीट समजून घ्या, कारण आपलीच माणसं ह्यात गल्लत करतात.

धाकटी साडेचार वर्षांची झाली तरी तिला क येत नव्हता, ग येत नव्हता. काका म्हणजे ताता. गाडी म्हणजे दाडी. गाय म्हणजे दाय. घरात क न म्हणणारं कोण आहे? कुणीच नाही. आजी म्हणते, भाऊ म्हणतो, टीव्ही म्हणतो, खाली भाजीवाला ओरडतो त्यातही क आहे. मग ही 'ताता' ऐकली कुणाकडून? कुणाकडूनच नाही. इथं फरक आहे. पोरगं जे बोलतं ते आजूबाजूची मोठी माणसं बोलत असतील तर ती त्याची भाषा. आजूबाजूला कुणीच तसं बोलत नसेल आणि वय उलटून गेलं तरी पोरगं तसंच बोलत असेल तर कान, जीभ, टाळू, मेंदू ह्या वाटेत कुठंतरी अडलंय. वय हा त्यातला मोठा भाग आहे. अडीच वर्षांचं पोरगं 'ताता' म्हणालं तर सगळीच म्हणतात. वर्षाच्या आसपास पहिला शब्द यावा. दोन वर्षांचं होईतो दोन शब्द जोडावेत, 'आई दे', 'पानी पायजे' असे. तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला बरंचसं कळावं आणि चौथ्या वर्षी जवळपास सगळं. र आणि ळ जरा उशिरा आले तरी चालतात. क ला मात्र साडेचार वर्षं म्हणजे उशीर झाला.

शिशुवर्गाच्या बाईंना मी विचारलं, 'बाई, हिचं बोलणं तुम्हाला कळतं का?' त्या म्हणाल्या, 'अहो, तुमच्याकडे असंच बोलतात ना?'

तुमच्याकडे. ह्या एका शब्दात शाळेचं सगळं निदानशास्त्र आलं. वर पहिलीत जे पोरगं धडधाकट आहे त्याला दोष काढून दिला आणि खाली शिशुवर्गात जिला मदत पाहिजे तिचा दोष जातीच्या खात्यात जमा करून टाकला. त्या बाईंना पानी आणि तावळा ह्यात फरक ऐकूच आला नाही. दोन्ही एकाच डब्यातले, डब्यावर चिठ्ठी 'तुमच्याकडे'. एखाद्या बामणाच्या घरची पोरगी साडेचाराव्या वर्षी 'ताता' म्हणाली असती तर ह्याच बाईंनी आईला बाजूला घेऊन चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. मला पत्ता मिळाला नाही, मला समजूत मिळाली.

बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाचं नाव 'मूकनायक' ठेवलं. ते मुके जिभेने मुके नव्हते, त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. आज वस्तीत दोन्ही मुके आहेत. एकाला बोलता येतं आणि त्याला गप्प बसवतात. दुसऱ्याला बोलता येत नाही आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आता दवाखाना. खाजगीत एका बैठकीची फी म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस, कधी दोन दिवस. आठवड्याला एक बैठक, असे महिनोन्महिने. म्हणजे तो रस्ता बंद. राहिला सरकारी दवाखाना. मुंबईत वाचाउपचाराची सोय नाही असं नाही. महापालिकेच्या नायर रुग्णालयाकडे ह्या विषयाचा जुना विभाग आणि शिकवणी आहे. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. सोय आहे, पण ती सकाळच्या वेळेत आहे आणि आपला रोज सकाळीच बुडतो. केसपेपर काढा, कान-नाक-घशात दाखवा, कानाच्या तपासणीची तारीख घ्या, त्या तारखेला या, मग थेरपीची तारीख. प्रत्येक तारखेला एक खाडा. मालकीण म्हणते, पोरगी तर खेळतेय, मग दवाखाना कसला? तिला काय सांगणार, की पोरगी खेळतेय पण मुक्याने खेळतेय.

कान आधी तपासतात, ते बरोबर आहे. हे वस्तीत ओरडून सांगायला पाहिजे. पोरगं उशिरा बोलतंय म्हणजे पहिला संशय कानाचा. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातही कान तपासता येतात, त्याचं यंत्र असतं, पोराला कळतसुद्धा नाही. आणि आपल्याकडे कान फुटणं ही बाब कुणी मनावर घेत नाही. पू वाहतो, आजी गरम तेल सोडते, कापूस कोंबते, पोरगं शाळेत जातं. गटाराकाठची ओल, दहा बाय बाराच्या खोलीतला चुलीचा आणि बापाच्या बिडीचा धूर, सतत सर्दी, ह्यातून कानात पाणी साचतं. मग पोराला अर्धं ऐकू येतं आणि अर्धं ऐकलेलं अर्धंच बाहेर येतं. शाळा म्हणते लक्ष नाही. लक्ष आहे हो, पडदा फाटलाय. बहिरेपणाचाही पत्ता झोपडपट्टीचाच निघतो.

धाकटीचे कान चांगले निघाले. मग थेरपी. हिच्यात जादू काहीही नाही आणि म्हणूनच ती आपल्याला जमण्यासारखी आहे. क काढायला जिभेचं टोक खाली राहून मागचा भाग वर टाळूला लागावा लागतो. पोरीला उताणं झोपवायचं, म्हणजे जीभ आपसूक मागे सरकते. गुळण्या करायला लावायच्या, घशातली जागा कळावी म्हणून. चमच्याने टोक हलकं दाबून धरायचं. आरशात बघायचं. मग चित्रं. एका कागदावर तार, एकावर कार. एकावर दार, एकावर गार बर्फ. पोरगी म्हणते 'ताल', तिला कार पाहिजे असते. थेरपिस्ट शांतपणे तारेचं चित्र हातात देते. पोरगी चिडते. त्या चिडण्यातून तिला कळतं की आपल्या तोंडून निघालेला आवाज आणि आपल्याला पाहिजे ती वस्तू ह्यांचं जुळत नाहीये. बाकीचं काम घरी, रोज दहा मिनिटं. दहा मिनिटं ही मोठी चीज आहे. खोलीत सहा माणसं, शेजारी स्पीकर, बाप रात्रपाळी करून झोपलेला. आम्ही जिन्यात बसून करायचो. आठ महिने गेले. पहिला सरळ 'क' तिने भावाशी भांडताना काढला, आणि तो कावळ्यासाठी नव्हता, कुत्र्या म्हणण्यासाठी होता.

पण खरी चीड आणणारी गोष्ट त्या बाकावर घडली. तिथं शिकाऊ मुलगी होती, चांगली होती, मन लावून काम करायची. तिने मला सांगितलं, 'घरी जरा शुद्ध बोलत चला, मुलीला मदत होईल.' मी विचारलं, 'मॅडम, हिला क येत नाही. आमच्या घरात सगळ्यांना क येतो. मग आमच्या न ने हिचा क कसा अडवला?' तिच्या वरच्या मॅडमनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, ह्या बरोबर बोलतायत, इथं ण चं काम नाही, क चं आहे. असं म्हणणाऱ्या मॅडम भेटल्या हे आमचं नशीब. माझ्या शेजारी बसलेल्या बाईला भेटल्या नव्हत्या. तिचा पोरगा तीन वर्षांचा, चार शब्द बोलणारा. तिला कुठंतरी सांगितलं गेलं होतं की घरचं बोलणं वाईट आहे. ती मला म्हणाली, 'ताई, मी आता त्याच्याशी कमीच बोलते. माझं चुकीचं शिकंल त्यो.'

ऐकलंत का? ज्या पोराला दिवसभर बोलणं ऐकायची गरज आहे, त्याच्याच आईने तोंड शिवून घेतलंय. पोरं भाषा शिकतात ती त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसांकडून. अंगाई, शिव्या, बाजाराचा हिशेब, भीमगीत, शेजारणीची चुगली, सगळ्यातून शिकतात. घरची बोली बोलल्याने वाचा अडत नाही, घरात दोन भाषा असल्यानेही अडत नाही. अडते ती घर गप्प झाल्याने. शुद्धतेच्या नावाखाली आईला मुकी करणं हा उपचार असेल तर रोग कशाला म्हणायचं?

ही लढाई आपल्या आधी दुसऱ्यांनी लढलेली आहे. १९६६ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर, नावाचं नातं सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या काळ्या आयांनी त्याच दशकात कोर्टात काय केलं ते मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर गावी, गरिबांच्या घरकुलांत राहणाऱ्या काळ्या मुलांवर शाळेने शिकण्यात अपंग, मंद असे शिक्के मारले होते. पोरं घरची इंग्रजी बोलत होती, जी वस्तीतली सगळी माणसं बोलतात. आयांनी १९७७ साली दावा लावला. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला, की मुलांची घरची भाषा लक्षात घेऊन त्यांना वाचायला शिकवायची जबाबदारी शाळेने पार पाडली नाही. शिक्षकांना त्या भाषेबद्दल प्रशिक्षण द्यायला लावलं. पुढे १९८३ साली तिथल्या वाचाउपचारकांच्या राष्ट्रीय संघटनेने भूमिका जाहीर केली, की इंग्रजीची कुठलीही बोली हा वाचेचा विकार नव्हे. पोराला घेऊन बसलेल्या आयांनी ही मजल मारली. आपल्याकडेही डी.एड.च्या आणि वाचाउपचाराच्या अभ्यासक्रमात न-ण ची ही जातकुळी शिकवली गेली पाहिजे, आणि ती मागणी आपणच करायची आहे. मराठी विभागातले प्राध्यापक करणार नाहीत, त्यांची पेन्शन ण वर उभी आहे.

आता घरातली घाण. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात पोराच्या जिभेला वेखंड चाटवतात. शंखातलं पाणी पाजतात. 'बाप पण चार वर्षांनी बोलला, आता बघा सभा गाजवतो' असं म्हणून दोन वर्षं घालवतात. ही दोन वर्षं परत मिळत नाहीत. जीभ खालून चिकटलीय, दोर कापा, असं सांगणारा गल्लीत एक असतोच. खऱ्याखुऱ्या चिकटलेल्या जिभेची पोरं थोडी असतात आणि ती डॉक्टरने बघायची असतात, केस कापणाऱ्याने नाही. आणि पोरीचं असलं तर 'मुलगी आहे, कमी बोलली तर बरंच' हेही ऐकलंय, आणि ऐकवणारा भाषणात सावित्रीबाईंचं नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. वर इंग्रजी माध्यमाचं खूळ. पोराला घरची भाषा धड येत नाही आणि आईबाप 'ॲपल दाखव, नोज दाखव' करत बसलेत. इंग्रजी पाहिजेच, ती बाबासाहेबांनी कमावलेली हत्यारं आहेत. पण जे पोरगं 'मला भूक लागली' सांगू शकत नाही त्याला ॲपल कशाला?

कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण शाळा तुम्हाला ते सांगणार नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात वाचेचा दोष यादीत नव्हताच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात वाचा आणि भाषा हा आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. बहुतेक पोरांचा दोष तेवढा नसतो, आणि थेरपी घ्यायला असल्या दाखल्याची गरज नसते. दाखल्याच्या भीतीने घरी बसू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १३ व्या कलमाने पहिलीच्या प्रवेशाला पोराची किंवा आईबापाची मुलाखत, चाचणी घ्यायला बंदी आहे. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तुमचं पोरगं नीट बोलत नाही म्हणून घेत नाही, असं कुणी म्हणालं तर एकच वाक्य बोला, 'हे लेखी द्या.' लेखी देत नाहीत. तिथूनच सुरुवात होते. २०२४ साली सरकारने ह्याच कायद्याच्या २५ टक्के जागांतून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना सूट देऊन टाकली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ते रद्द केलं. हक्क कागदावर असला तरी त्याच्या राखणीला माणूस बसवावा लागतो.

आणि अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. अंगणवाडीतल्या पोरांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची आहे, शाळेतल्यांची एकदा, आणि त्या यादीत कमी ऐकू येणं आणि उशिरा बोलणं दोन्ही आहेत. पुढचे उपचार फुकट. तपासणीचं पथक येतं, तुमच्या अंगणवाडीत शेवटचं कधी आलं ते विचारा. सेविकेवर डाफरू नका, तिला पगार नाही, मानधन आहे, आणि वजनापासून मतदारयादीपर्यंत सगळं तिच्या डोक्यावर आहे. तिच्याकडचं रजिस्टर बघा आणि पथकाची तारीख वस्तीच्या फळ्यावर लिहा, जिथं जयंतीच्या वर्गणीचा हिशेब लिहितात तिथंच.

तरुण पोरांनी पुढच्या सोमवारी एवढं करावं. प्रत्येक गल्लीत तिनाच्या पुढची किती पोरं आहेत ज्यांचं बोलणं परक्याला कळत नाही, ह्याची यादी करा. पोरांशी बसून गप्पा मारा, 'काका' म्हणायला सांगा, 'गाडी' म्हणायला सांगा. 'पानी' म्हणालं तर पाणी द्या. 'ताता' म्हणालं तर नाव लिहा आणि आईला तारीख विचारा. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत तुमच्यातला एकजण उभा राहिला तर त्या बाईचा अर्धा रोज वाचतो. रांगेत उभं राहायला भाषण येण्याची गरज नाही. आधार कार्डाची झेरॉक्स आणि पोराचं जन्माचं सर्टिफिकेट बरोबर ठेवा, खिडकीवरचा माणूस ते नसलं की परत पाठवतो.